राऊटरची सत्यप्रत

हेडसाहेबांच्या घरात शांतता मागच्या खोलीत होती आणि वाय-फाय पुढच्या. दोघांची गाठ पडत नव्हती, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

पुढच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते. रस्त्यापलीकडे गॅरेज आहे. तिथे सकाळी नवापासून संध्याकाळी सातपर्यंत ट्रकचे पत्रे सरळ करायचं काम चालतं, आणि पत्रा सरळ करायची जगात एकच पद्धत आहे, ती म्हणजे त्याला बडवणं. मागची खोली मात्र अशी शांत की घड्याळाचा काटा सरकला तरी ऐकू यावा. फक्त तिथे फोन नेला की सिग्नलची एकच काडी उरायची, तीही दारात उभं राहिलं तर. आत पाऊल टाकलं की ती पाहुण्यासारखी उठून निघून जायची.

इतकी वर्षं याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. सोमवारी काकूंना पत्र आलं आणि वाटायला लागलं.

काकू म्हणजे हेडसाहेबांची बायको. अख्खी इमारत त्यांना काकूच म्हणते. आणि हेडसाहेब म्हणजे आठ महिन्यांपूर्वी एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. पत्र होतं एका ग्रंथालयाचं. ज्यांना दिसत नाही अशा वाचकांसाठी ते माणसांकडून पुस्तकं मोठ्यानं वाचून घेतं. काकूंनी कुणाला न सांगता आपल्या आवाजाचा नमुना पाठवला होता आणि तो त्यांना पसंत पडला होता. आता शनिवारी दुपारी चार वाजता शेवटची चाचणी. लॅपटॉपवरून, वीस मिनिटं, तीन परीक्षक ऐकणार. खाली लिहिलं होतं, ‘खोली शांत असावी व नेट मध्येच तुटू नये. चाचणी पुन्हा घेतली जाणार नाही.’

काकूंनी लॅपटॉप नवऱ्यापुढे सरकवला आणि त्या भाजी निवडायला बसल्या. एकच जुडी त्यांनी दोनदा निवडली, यावरून काय ते ओळखावं.

यामागे एक गोष्ट आहे, ती थोडक्यात सांगायला हवी. काकूंच्या सासूबाईंची नजर शेवटची सहा वर्षं गेलेली होती. त्या सहा वर्षांत काकूंनी त्यांना वाचून दाखवलं नाही असं काही उरलं नाही. कादंबऱ्या, हवामानाचा अंदाज, औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं, एवढंच काय, पेपरातल्या निविदा सूचनासुद्धा. निविदा सूचना सासूबाईंना फार आवडायच्या. ‘पुलाचं कंत्राट कुणाला मिळालं ते उद्या बघ हं,’ म्हणून त्या झोपायच्या. हेडसाहेब तेव्हा दिवसभर कचेरीत असत. सासूबाई गेल्या त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून काकू जे काही वाचत ते मनातल्या मनात.

हेडसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं.

“याच्यावर जावक क्रमांक नाहीये,” ते म्हणाले.

“अहो, ईमेल आहे ती.”

“असू दे. पण पद्धत म्हणून काही असते.” मग चष्मा काढून ते म्हणाले, “मागच्या खोलीत नेट मी आणतो. शनिवारच्या आत. तू माझ्यावर सोड.”

‘माझ्यावर सोड’ हे काकूंनी आठ महिन्यांत एकदा ऐकलं होतं. तेव्हा स्वयंपाकघरातल्या एकूण एक डब्याला नंबर मिळाला होता आणि नंबरांची यादी भिंतीवर लागली होती. डब्यांवरची नावं खोडून टाकली होती, कारण नंबर असताना नाव म्हणजे दुहेरी नोंद. आता काकूंना स्वतःच्या स्वयंपाकघरात मीठ काढायचं तर आधी भिंतीकडे जावं लागे.

“सोडते,” काकू म्हणाल्या. “पण बघा हं. मला हे एकदाच मिळणार आहे.”

*

समोरच्या दारातल्या इंजिनिअरांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांना कधीच बोलवावं लागत नाही. त्यांनी आयुष्यभर पूल बांधले, आणि पूल सोडून कुठल्याही विषयावर त्यांचं मत तयार असतं.

“सिग्नल हा पाण्यासारखा असतो, हेडसाहेब,” त्यांनी खुर्चीत बसता बसता सांगितलं. “उंचावरून खाली वाहतो. तुमची टाकी कुठे आहे?”

“टाकी?”

“राऊटर हो!”

“टीव्हीच्या मागे.”

“मग! टाकी कुणी जमिनीवर ठेवतं का?”

राऊटर कपाटाच्या डोक्यावर चढला. मागच्या खोलीत काही फरक पडला नाही. इंजिनिअर खचले नाहीत. ते म्हणाले, पाणी वाहतंय, पण त्याला बांध पाहिजे. राऊटरच्या पाठीशी काहीतरी धातूचं, रुंद, चकचकीत उभं करा म्हणजे सिग्नल त्यावर आपटून पुढे जाईल. काकूंची सगळ्यात मोठी परात निघाली. ती टेकून राहीना म्हणून तिला मागून दोन शब्दकोशांचा आधार दिला. हेडसाहेब फोन हातात घेऊन घरभर फिरले. मागच्या खोलीच्या दारात एक काडी, मोरीत शून्य, स्वयंपाकघरात दोन. मग ते दार उघडून जिन्यात गेले आणि ओरडले, “चार! चार काड्या!”

“म्हणजे सिग्नल आहे,” इंजिनिअर समाधानानं म्हणाले. “फक्त दिशेचा प्रश्न आहे.”

मंगळवारी सकाळी काकू लॅपटॉप घेऊन खरोखरच जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसल्या. म्हटलं बघू तरी कसं वाटतं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन चढत होत्या. त्या आधी थांबल्या, मग पिशव्या खाली ठेवल्या, मग दोन पायऱ्या सोडून बसल्याच. पाचेक मिनिटांनी पोस्टमन आला, तो कठड्याला टेकून उभा राहिला. हेडसाहेब पाठीमागे उभे होते, एक डोळा फोनवरच्या काड्यांवर, एक लॅपटॉपवरच्या ओळींवर. काकूंनी पान संपवलं तेव्हा ते म्हणाले, “तिसऱ्या ओळीत स्वल्पविराम होता. तू थांबली नाहीस.”

काकूंनी लॅपटॉप मिटला. त्यानंतर त्यांनी नवऱ्यासमोर सराव केला नाही. केला तो दार लावून, एकटीनं, तोही हळू आवाजात.

*

दुसरा राऊटर आणायचं ठरलं ते त्याच दुपारी. दुकानदारानं सांगितलं ते सोपं होतं. पहिल्यातून एक वायर काढायची, ती दुसऱ्यात घालायची, दुसरा मागच्या खोलीत ठेवायचा. झालं. ‘झालं’ हा शब्द दुकानात नेहमी फार लवकर येतो.

वायरची वाट स्वयंपाकघरातून जात होती. काकूंनी एका वाक्यात निकाल दिला. “माझ्या पायात वायर आली तर मी जेवण करणार नाही.” मग उरली बाहेरची भिंत. पुढच्या खिडकीतून बाहेर, भिंतीवरून वळसा, मागच्या खिडकीतून आत. छान, सरळ, कुणाच्या पायात नाही.

त्यासाठी सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी लागते. सेक्रेटरींचं कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे. किडकिडीत, हळू बोलणारे, समोरच्याला सहसा नाही म्हणत नाहीत. बुधवारी हेडसाहेब दुकानात गेले. सेक्रेटरींनी सगळं ऐकून घेतलं आणि गल्ल्याखालून नियमांची वही काढली. वहीला प्लॅस्टिकचं कव्हर होतं.

“नियम सत्तावीस,” ते हळूच म्हणाले. “इमारतीच्या बाह्य भिंतीवर कोणत्याही कारणासाठी, कोणत्याही जाडीची, कोणत्याही रंगाची वायर, दोरी, सुतळी अथवा तत्सम वस्तू लावता येणार नाही.”

“हा नियम फार कडक आहे,” हेडसाहेब म्हणाले.

“हो. पण भाषा किती स्वच्छ आहे बघा. सुतळीसुद्धा सोडली नाहीये.” सेक्रेटरींच्या आवाजात खरा आदर होता. “तुमचीच आहे, साहेब.”

या सेक्रेटरींच्या आधी अकरा वर्षं सेक्रेटरी हेडसाहेबच होते. ‘अथवा तत्सम वस्तू’ सुचलं त्या संध्याकाळी ते स्वतःवर खूश होऊन दोन कप चहा प्याले होते.

“अपवादाची तरतूद असेल ना?”

“आहे की. अर्ज तीन प्रतींत. कमिटीची बैठक महिन्याच्या पहिल्या रविवारी.”

“माझं काम शनिवारी आहे हो.”

“तातडीच्या बाबी आधी घेता येतात.” सेक्रेटरींनी पान उलटलं. “आग, पूर आणि लिफ्टमध्ये माणूस अडकणे.”

“आपल्याकडे लिफ्टच नाहीये!”

“तरी तुम्ही तरतूद करून ठेवलीत. याला म्हणतात दूरदृष्टी.”

हेडसाहेबांनी डोकेदुखीच्या दोन गोळ्या घेतल्या आणि ते घरी आले. आपण बांधलेल्या भिंतीवर आपलंच डोकं आपटतं तेव्हा दुखतं जरा जास्तच. पण खरं सांगायचं तर त्यांना थोडं बरंही वाटत होतं. आठ महिन्यांत त्यांचं एखादं वाक्य कुणी इतकं मनापासून पाळलं नव्हतं.

*

गुरुवारी वायरमन आला. भिंतीच्या वरच्या कडेनं, छताला चिकटून वायर न्यायची आणि मागच्या खोलीच्या दाराशेजारी भोक पाडून आत घ्यायची, असं ठरलं. पायात नाही, बाह्य भिंतीवर नाही. वायरमननं पेन्सिलीनं खूण केली. हेडसाहेबांनी फूटपट्टी आणून ती खूण तपासली, चुकीची ठरवली आणि दोन बोटं उजवीकडे नवी खूण केली.

“तिथून नको, साहेब. पलीकडे काय आहे?”

“पलीकडे खोली आहे. मी इथे पंचवीस वर्षं राहतोय.”

ड्रिल सुरू झालं. भिंत संपली, लाकूड लागलं, लाकूड संपलं, आणि मग ड्रिलचा आवाज एकदम मऊ झाला. वायरमननं ते मागे ओढलं तर टोकाला करड्या लोकरीचा गुंता. पलीकडे भिंतीतलं कपाट होतं. त्यात वरच्या फळीवर गरम कपडे असतात, आणि ड्रिल हेडसाहेबांच्या मफलरच्या बरोबर मधून गेलं होतं.

“भोक जरा सरकलं,” हेडसाहेब म्हणाले.

“भोक कशाला सरकेल? खूण सरकली,” वायरमन म्हणाला.

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी मफलर बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि फक्त विचारलं, “आता राऊटर कपाटात बसणार का?”

राऊटर कपाटात बसला. स्वेटर, शाली, रजया यांच्या मधोमध, हिरवा दिवा लुकलुकवत. कपाटाचं दार लावलं की दोन काड्या, उघडं ठेवलं की चार. उघडं ठेवायचं ठरलं. काकूंनी टेबल ओढून कपाटासमोर लावलं, म्हणजे शनिवारी त्या परीक्षकांशी बोलणार होत्या ते रजयांच्या गठ्ठ्याकडे तोंड करून.

आता हेडसाहेबांचं खरं काम आलं. नव्या राऊटरच्या आतली मांडणी करायची होती. त्यासाठी लॅपटॉपवर एक पान उघडतं आणि त्यात पंचवीस-तीस रकाने भरायचे असतात. इंजिनिअर म्हणाले, आहे तसं सोडून द्या. पण पंचवीस-तीस रकाने समोर असताना ते कोरे सोडून देईल तो हेडक्लार्क कसला?

हेडसाहेबांची सगळी नोकरी सत्यप्रती करण्यात गेली होती. मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, ओळ न् ओळ ताडून बघायची. शिक्का, सही, खाडाखोड, शाईचा डाग असेल तर ‘मूळ प्रतीत येथे डाग आहे’ अशी टीप. त्यांच्या हातून गेलेल्या नकलेत तीस वर्षांत कुणाला काना-मात्रेचा फरक सापडला नव्हता. त्यांनी पहिल्या राऊटरची सगळी पानं कागदावर उतरवून घेतली आणि दुसऱ्या राऊटरमध्ये जशीच्या तशी भरली. नाव तेच, पासवर्ड तोच. राऊटरच्या स्वतःच्या पत्त्याचा रकाना होता, तिथे पहिल्याचाच पत्ता. घरातल्या यंत्रांना नंबर वाटायचं काम चालू की बंद? पहिल्यात चालू होतं, म्हणून दुसऱ्यातही चालू. शेवटी त्यांनी कागदाखाली ‘मुळाबरहुकूम खरी नक्कल’ लिहिलं, सही केली, आणि संध्याकाळी सहा वाजता काकूंना हाक मारली.

मागच्या खोलीत चार काड्या. काकूंनी एक गाणं लावलं, ते वाजलं. लेकीला परगावी व्हिडिओ लावला, तिचा चेहरा दिसला. “आई, तू कपाटात बसलीयेस का?” ती म्हणाली. हेडसाहेब दाराला टेकून उभे होते. निवृत्तीच्या दिवशी हार घातला होता तेव्हाही ते इतके ताठ उभे नव्हते.

*

शुक्रवारी सगळं बिघडलं.

तेही नीट बिघडेल तर शपथ. नीट बिघडलं असतं तर समजलं तरी असतं. काकूंचा लॅपटॉप दहा मिनिटं चालायचा आणि बंद पडायचा. काड्या चारच्या चार, वर ‘जोडलेलं आहे’ असं लिहिलेलं, आणि उघडत मात्र काहीच नाही. काकू वैतागून उठल्या की तो चालू व्हायचा, बसल्या की बंद. हेडसाहेब फोन घेऊन खोलीत आले की हमखास बंद. ते बाहेर गेले की कधीकधी चालू.

“तुम्ही आत नका येऊ,” काकू शेवटी म्हणाल्या.

“माझ्या येण्याचा काय संबंध?”

“मला नाही माहीत. पण तुम्ही आलात की बंद पडतं.”

हे हेडसाहेबांना लागलं. त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं तक्रार क्रमांक दिला, चौदा आकडी. तो त्यांनी आनंदानं उतरवून घेतला. मग तिनं राऊटर बंद करून चालू करायला सांगितलं. मग विचारलं, “सर, दिवा हिरवा आहे ना?”

“हिरवा आहे.”

“मग सर, आमच्याकडून सगळं ठीक आहे.”

“पण नेट चालत नाहीये!”

“दिवा हिरवा असेल तर तक्रार बंद करावी लागते, सर.”

असं हेडसाहेबांनी स्वतः किती माणसांना सांगितलं असेल? कागद पूर्ण आहेत, म्हणजे आमच्याकडून काम झालेलं आहे. त्यांनी फोन ठेवला.

काकूंनी संध्याकाळी विषय काढला नाही. लॅपटॉप मिटून ठेवला, जेवणं झाली, भांडी आवरली. मग भिंतीवरच्या यादीकडे बघत त्या सहज म्हणाल्या, “मी त्यांना कळवून टाकते, जमणार नाही म्हणून. उगाच तिघं जण ताटकळत बसायला नकोत.”

“उद्या सकाळपर्यंत थांब,” हेडसाहेब म्हणाले. “दहा वाजेपर्यंत.” या वेळी त्यांच्या तोंडून ‘माझ्यावर सोड’ आलं नाही.

*

शनिवारी सकाळी त्यांनी एक कोरी वही घेतली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं, आणि सुचत नसलं की ते रकाने आखत. यंत्राचं नाव, खोली, राऊटरनं दिलेला नंबर. मग घरभर फिरून प्रत्येक यंत्राचा नंबर शोधून नोंदवायला लागले. टीव्ही, सहा. काकूंचा फोन, दोन. काकूंचा लॅपटॉप, पाच. आपला फोन...

पाच.

हेडसाहेब वहीकडे बघत राहिले. मग पुन्हा फोन उघडून बघितलं. पाच.

ते खुर्चीत बसले. त्यांना एकदम तिशीतली एक गोष्ट आठवली. कचेरीत टपाल वाढलं म्हणून आवक टेबलाची दोन टेबलं केली होती. दोघांकडे शिक्का, दोघांकडे रजिस्टर, आणि कुणाच्या डोक्यात आलं नाही की दोघंही नंबर एकपासून सुरू करतील. चारशे सतरा नंबरची दोन पत्रं निघाली. एक होतं एका विधवा बाईंचं, नवऱ्याच्या पेन्शनबद्दल. दुसरं तुंबलेल्या गटाराबद्दल. बाईंना उत्तर गेलं, ‘आपली अडचण आठ दिवसांत उपसून काढण्यात येईल.’ कचेरी आठवडाभर हसत होती. बाई हसल्या नव्हत्या. त्या कागद घेऊन तीनदा आल्या होत्या.

तेव्हा उपाय हेडसाहेबांनीच शोधला होता. दुसऱ्या टेबलाचा शिक्का काढून घ्यायचा. नंबर एकाच ठिकाणी पडेल. दुसऱ्यानं लांबच्या खिडकीत बसायचं, पत्र घ्यायचं आणि पहिल्याकडे द्यायचं, बस. शिक्का काढून घ्यायला गेले तेही हेडसाहेबच. दुसऱ्या टेबलावरचे गृहस्थ त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे होते. त्यांनी ड्रॉवर उघडून शिक्का दिला, शाईचं पॅडही दिलं, आणि टेबल पुसलं. पुढे त्यांच्याच खिडकीपुढे जास्त गर्दी व्हायला लागली. शिक्का मारायचा नाही, म्हणून मान वर करून माणसाचं ऐकायला त्यांना वेळ होता. हेडसाहेबांना तेव्हा याचं जरा हसूच आलं होतं.

आता हसू आलं नाही. काकूंना वर्तमानपत्रातून डोकं वर काढायला लावून त्यांनी सांगितलं, “दोघंही नंबर वाटतायत. एकमेकांना न विचारता. तुझ्या लॅपटॉपला आणि माझ्या फोनला एकच नंबर मिळालाय. शिवाय दोघांचा पत्ताही एकच. मीच लिहिलाय.”

“म्हणजे तुम्ही खोलीत आलात की बंद पडायचं ते...”

“खरं होतं,” हेडसाहेब म्हणाले. हे म्हणायला थोडा वेळ लागला.

“मग आता?”

“दुसऱ्याचं नंबर वाटणं बंद करायचं. त्याला वेगळा पत्ता द्यायचा. त्यानं काही ठरवायचं नाही. पहिला जे देईल ते फक्त पुढे पोहोचवायचं.”

काकूंनी पेपराची घडी घातली. “चांगला नियम आहे,” त्या म्हणाल्या. “घरात सगळ्यांना लागू आहे का?”

हेडसाहेबांनी लॅपटॉप जवळ ओढला. त्यांनी पान उघडलं, तो रकाना शोधला, आणि ‘चालू’वरून ‘बंद’वर बोट नेऊन थांबले. लहानसा चौकोन होता तो. कपाटातला राऊटर शालींच्या मधे निमूट लुकलुकत होता. “काही वाईट वाटून घेऊ नकोस,” ते पुटपुटले, आणि कुणाला पुटपुटले ते काकूंनी विचारलं नाही. मग त्यांनी बोट दाबलं, पत्ता बदलला, घरातली सगळी यंत्रं बंद करून पुन्हा चालू केली. वही घेऊन फेरी मारली. लॅपटॉप, तीन. टीव्ही, चार. सगळे वेगळे. दहाला पाच कमी होते.

काकूंनी लेकीला व्हिडिओ लावला आणि तासभर बंद केला नाही. हेडसाहेब फोन घेऊन चारदा खोलीत आले. मुद्दाम.

*

चार वाजता मागच्या खोलीचं दार लागलं. हेडसाहेब बाहेर स्टुलावर बसले. आपला फोन त्यांनी बंद करून टाकला होता, टीव्हीची वायर काढली होती. इंजिनिअर दोन सल्ले घेऊन आले होते, त्यांना दारातूनच हात जोडून परत पाठवलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हिरवा दिवासुद्धा आत, कपाटात होता. जिथे काहीच तपासता येत नाही अशा ठिकाणी ते बऱ्याच वर्षांत बसले नव्हते.

आधी नुसतीच कुजबुज ऐकू आली. मग काकूंनी वाचायला घेतलं आणि आवाज दारातून स्वच्छ यायला लागला. गोष्ट ग्रंथालयानंच सकाळी पाठवली होती. एक बाई चुकून एक स्टॉप आधी उतरते. गाडी निघून जाते, आणि तिच्या लक्षात येतं की हातात शेजारच्या प्रवाशाची पेटी आहे. लाकडी, लहान, कुलूप नसलेली. आपली पिशवी गाडीतच राहिली. रस्त्यावर कुणी नाही. ती पेटी घेऊन चालायला लागते.

पहिली दोन मिनिटं हेडसाहेब मनात ओळी मोजत होते. एका ठिकाणी त्यांना वाटलं, इथे थांबायला हवं होतं. पण काकू थांबल्या त्या पुढच्या शब्दावर, आणि तिथेच थांबायला हवं होतं असं त्यांना त्याच क्षणी कळलं. मग त्यांनी मोजणं कधी सोडलं ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. ते स्टुलावर पुढे झुकले. गॅरेजवाले बडवत असतील, पण त्यांच्या कानावर पडलं नाही. ती बाई एका घराच्या पायरीवर बसली. पेटी मांडीवर घेतली. परत द्यायची तर कुणाची आहे ते बघायला हवं, असं स्वतःला सांगत तिनं झाकणाला हात लावला...

आणि आतला आवाज थांबला.

हेडसाहेब ताडकन उभे राहिले. आत कुणीतरी बोलत होतं, लॅपटॉपमधून, अस्पष्ट. काकूंचं “हो,” पुन्हा “हो,” मग “नाही हो, कसला स्टुडिओ, रजया आहेत.” मग खुर्ची सरकल्याचा आवाज.

दार उघडलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे जरा लाल होते आणि हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

“सोमवारपासून,” त्या म्हणाल्या. “आठवड्याला तीन दिवस. एकदाही तुटलं नाही.” त्या वाट बघत थांबल्या. आता सिग्नलचं विचारतील, वही काढतील, कुठल्या मिनिटाला किती काड्या होत्या ते लिहून घेतील.

“पेटीत काय होतं?” हेडसाहेबांनी विचारलं.

“अं?”

“त्या पेटीत गं. तिनं झाकण उघडलं का? तू तिथेच थांबलीस.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, आणि हा चेहरा त्यांनी सासूबाईंच्या खोलीत रोज पाहिला होता, नवऱ्याचा म्हणून कधी पाहिला नव्हता.

“वेळ संपली होती,” त्या म्हणाल्या. “अजून चार पानं आहेत.” मग थोडं थांबून, “वाचू?”

हेडसाहेबांनी स्टूल उचलून आत नेलं.

“पण मधे बोलायचं नाही हं.”

ते कपाटाशेजारी बसले. काकूंनी पान शोधलं आणि वाचायला सुरुवात केली. चार पानांत हेडसाहेबांनी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा आपलं आपणच मिटलं.